सहीने न फिटणारं ऋण

वैद्यकशास्त्राचं ज्ञान दुसऱ्याच्या शरीरातून येतं. गणित शिकणारा स्वतःच्या बुद्धीने सिद्धता मांडू शकतो, आकाश अभ्यासणारा ताऱ्याला न विचारता त्याचा प्रकाश मोजू शकतो. पण माणसाची तांबडी पेशी विळ्यासारखी का वाकते हे कळायचं तर कुणाला तरी हात पुढे करून सुई टोचून घ्यावी लागते. गोंदिया शहराजवळच्या मुर्रीसारख्या गावांतून असे हात कितीतरी वर्षं पुढे होत आले आहेत. कधी गावात आलेल्या तपासणी पथकापुढे, कधी गोंदियाच्या कुंवर तिलकसिंह रुग्णालयात किंवा बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात, कधी २०१६ मध्ये या रुग्णालयांच्या आधाराने सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि दुखणं आटोक्याबाहेर गेलं की नागपूरच्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत. तिथे खाटेशी उभा असलेला तरुण डॉक्टर दोन भूमिकांत असतो. तो उपचार करणारा असतो आणि थिसिस लिहिणारा पदव्युत्तर विद्यार्थीही असतो. पहिल्या भूमिकेतलं त्याचं रुग्णाशी नातं काय, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यासाठी शपथा आहेत, कायदे आहेत. दुसऱ्या भूमिकेतलं नातं काय? ज्याच्या रक्तावरून आणि वेदनेवरून आपण शिकलो, पदवी मिळवली, प्राध्यापक झालो, त्याचे आपण कोण लागतो? माझं म्हणणं असं, की संशोधक हा त्या माणसाचा ऋणको आहे. हे ऋण संमतीपत्रावरच्या सहीने फिटत नाही, आणि शोधनिबंध छापून आल्यानेही फिटत नाही.

सिकलसेलचं उदाहरण घेतो, कारण पूर्व विदर्भात या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट रूप तिथे दिसतं. गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या गोंडांसारख्या आदिवासी समाजांत, बौद्धांत आणि काही इतर मागास समाजांत हा जनुकीय दोष पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, फरक एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात, पेशी ताठ होऊन वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘एएस पॅटर्न’. दोघांकडूनही आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं मूळ रेणूत असल्याचं दाखवलं. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं. जंगल आणि धानाच्या बांध्यांच्या मलेरियाग्रस्त मुलखात हा दोष का टिकला, याचं उत्तर त्यातून मिळालं. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो एका आम्लाचा बदल शोधला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार. आज ज्याला आपण रेणवीय वैद्यक म्हणतो त्याचा पहिला धडा ज्यांच्या रक्तातून वाचला गेला, ते अमेरिकेत बहुतेक गुलामांचे वंशज होते आणि आपल्याकडे आदिवासी आणि दलित होते.

आपल्या परंपरेत ज्ञान आणि ऋण यांचा संबंध फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत. ऋषींचं ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाच्या व्रताने फिटतं, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने. शतपथ ब्राह्मणात याला चौथं ऋण जोडलेलं आहे, ते मनुष्यांचं. ते आल्यागेल्याला अन्न आणि आसरा देऊन फेडायचं. या मांडणीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा, की प्रत्येक धनकोची फेड वेगळी आहे. यज्ञ केला म्हणून पितरांचं देणं चुकत नाही, आणि अध्ययन केलं म्हणून दारी आलेल्या माणसाचं चुकत नाही. वैद्यकीय संशोधन ऋषिऋण अतिशय काटेकोरपणे फेडतं. थिसिसच्या शेवटी संदर्भांची क्रमवार यादी असते. आधी कुणी काय म्हटलं, कुठल्या वर्षी, कुठल्या पानावर, यात एक चूक झाली तरी परीक्षक खूण करतो. पूर्वसूरींचा विचार नाव न घेता वापरणं ही चोरी मानली जाते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्या शरीराने त्या विचाराला पुरावा दिला, तो तक्त्यातला एक आकडा होतो. त्याचं नाव गुप्त ठेवणं हे त्याच्या भल्याचंच आहे, तेव्हा तक्रार नाव न छापण्याविषयी नाही. तक्रार अशी, की ऋषींचं देणं चुकवल्यावर मनुष्यांचंही चुकलं असं आपण धरून चालतो. एका धनकोला दिलेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर दाखवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो इतका सरावाचा झाला आहे की त्यात काही चुकतं आहे असं सज्जन संशोधकालाही वाटत नाही.

सिकलसेलच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर हे दिसतं. ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोत आला होता. १९०४ च्या डिसेंबरात तो श्वसनाच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात विचित्र आकाराच्या पेशी दिसल्या. आयरन्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाले. निबंधावर लेखक म्हणून नाव एकट्या हेरिक यांचं आहे. नोएल शिक्षण पुरं करून मायदेशी परतला, तिथे दंतवैद्य म्हणून काम केलं आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. निबंधातला तो रुग्ण कोण होता हे इतिहास अभ्यासकांनी १९८९ मध्ये शोधून छापलं. हेरिक यांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी त्याच्यावर उपचार केले आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे लिहिलं. पण ज्ञानाच्या या व्यवहारात तीन माणसं होती आणि फळ एकाच्या पदरात पडलं. रुग्णही विद्यार्थी होता आणि पेशी पाहणाराही शिकाऊ होता, ही गोष्ट आजच्या रेसिडेंट डॉक्टरांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांना हे ऋण अजिबात कळत नाही असंही नाही. शरीररचनाशास्त्राच्या विभागात शवविच्छेदन सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना शपथ देण्याची प्रथा अनेक ठिकाणी रुळली आहे. मृतदेह हा आपला पहिला गुरू, त्याची विटंबना होऊ देणार नाही, असा तिचा आशय असतो. जपानमध्ये प्रयोगशाळेत बळी गेलेल्या प्राण्यांसाठी दरवर्षी स्मरणविधी होतात. म्हणजे ज्याच्या देहातून शिकलो तो गुरुस्थानी आहे, हे वैद्यकाला मान्य आहे. मात्र आपल्याकडे ही मान्यता मेलेल्या देहापाशी थांबते. त्या टेबलावर पिढ्यानपिढ्या कुणाचे देह आले, हेही विसरायला नको. १९४९ च्या मुंबई ॲनाटॉमी ॲक्टने बेवारस प्रेतं शिक्षणासाठी देण्याची सोय केली, आणि बेवारस बहुधा गरीबच असतो. देहदानाची चळवळ नंतर वाढली. जो माणूस मेल्यावर गुरू ठरतो तोच जिवंतपणी वॉर्डात ‘केस’ असतो, आणि या दोन दृष्टींचा मेळ घालणारं कुठलंही तत्त्व मला दिसत नाही. मेलेल्या गुरूला नमस्कार पुरतो. जिवंत गुरूला औषध लागतं, परतीच्या गाडीचं तिकीट लागतं, रिपोर्टाचा अर्थ समजावून सांगणारं माणूस लागतं. शपथ पहिल्यासाठीच घेतली जाते, कारण ती पाळणं सोपं आहे, असं अनुमान कुणी काढलं तर ते खोडून काढणं अवघड जाईल.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रुग्णाला सगळं समजावून सांगितलं, त्याच्या भाषेत संमतीपत्र दिलं, त्याने राजीखुशीने सही केली किंवा अंगठा दिला. दोन सज्ञान माणसांतला व्यवहार पूर्ण झाला. मग ऋण उरलं कुठे? प्रथम हे पाहावं की सही नेहमी कशी होते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा अभ्यास प्रकल्प राबवला गेला. खम्ममच्या आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींसाठी संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. हे वाईट संमतीचं उदाहरण झालं, असं कुणी म्हणेल. मग बऱ्या संमतीचं घ्या. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना आपखुशीने रक्त दिलं. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि जमातीच्या स्थलांतराच्या अभ्यासांना वापरलं गेलं. आपण या दरीतूनच जन्मलो अशी त्या जमातीची श्रद्धा. त्या श्रद्धेच्या विरोधात जमातीचंच रक्त साक्षीला उभं केलं गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. संमती म्हणजे घेण्याची परवानगी. घेतल्यानंतर काय, याबद्दल ती काहीच बोलत नाही. सावकाराने राजीखुशीने पैसे दिले म्हणून कर्ज माफ झालं असं कुणी म्हणत नाही. उलट राजीखुशीने दिलं म्हणूनच ते कर्ज होतं, नाहीतर लूट झाली असती. शिवाय जनुकांच्या बाबतीत सही एकट्याची असते आणि माहिती साऱ्या कुळाची निघते. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांवरून सोयरीक ठरते. तिथे एकाच्या रक्ताचा निष्कर्ष हा त्याच्या भावकीचा आणि होणाऱ्या सोयऱ्यांचाही निष्कर्ष असतो. एका अंगठ्याने एवढ्या सगळ्यांच्या वतीने फारकत कशी देता येईल?

दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. रुग्ण रक्त देतो ते दान आहे, आणि दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं. मग त्याला ऋण म्हणणं हा देणाऱ्याच्या औदार्याचाच अपमान नाही का? देणाऱ्याने अपेक्षा ठेवू नये हे खरं. पण धर्मशास्त्राने घेणाऱ्यावरही बंधन घातलं आहे. दान सत्पात्री पडावं लागतं. अपात्राने केलेला प्रतिग्रह, म्हणजे दानाचा स्वीकार, घेणाऱ्यालाच बाधतो. दात्याची निरपेक्षता हा दात्याचा गुण आहे, तिच्यावर विसंबून राहण्याचा हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. तेव्हा दानाच्या वाटेने गेलं तरी आपण तिथेच पोचतो. संशोधकाला विचारावं लागतं, की मी पात्र आहे का? केवळ परीक्षेला बसण्याची अट म्हणून, आधीच पन्नासदा सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा सिद्ध करण्यासाठी मी एखाद्या ॲनिमिक बाईचं पाच मिलिलीटर रक्त घेत असेन, तर ती दात्री आहे पण मी पात्र नाही. असे थिसिस आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत, हे या क्षेत्रातला कुणीही नाकारणार नाही.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांना जवळचा आहे. ज्ञान साऱ्या मानवजातीचं असतं. मुर्रीत घेतलेल्या नमुन्यातून निघालेलं सत्य मुर्रीचं नसतं, ते टोकियोतही खरं असतं. एका गावाला, एका जमातीला देणं लागतो असं म्हटलं की विज्ञानाचा सौदा होतो. सत्य सार्वत्रिक आहे हे मला पूर्ण मान्य आहे. पण सत्य सार्वत्रिक असणं आणि त्याचं फळ सगळ्यांच्या ताटात पोचणं या दोन गोष्टी आहेत. सिकलसेलवरची जनुक-संपादनाची पहिली उपचारपद्धती, कॅसजेव्ही, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली. विज्ञानाचा तो खरोखर मोठा विजय आहे. अमेरिकेत तिची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांहून जास्त. ज्यांच्या रक्तातून या ज्ञानाची सुरुवात झाली त्यांच्यापर्यंत ते या किमतीला परत येतं आहे. ‘मानवजातीला दिलं’ असं म्हणताना मानवजातीतले कोण आधी आणि कोण शेवटी, हा हिशेब गाळला जातो. आणि ज्ञान वाटतं तितकं स्थळनिरपेक्षही नसतं. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अधिक टिकून राहतं, त्यामुळे इथला सिकलसेल सौम्य असतो, असा समज बराच काळ होता. नागपुरातल्या डॉक्टरांनी विदर्भातल्या मुलांची वर्षानुवर्षांची निरीक्षणं मांडली तेव्हा इथल्या अनेक मुलांचा आजार चांगलाच तीव्र असल्याचं दिसलं. पुस्तकातला समज दुरुस्त झाला तो या मुलांच्या कळांमुळे. ती मुलं जगाच्या ज्ञानाची केवळ लाभार्थी नव्हती, त्यांनी त्यात भर घातली होती.

चौथा आक्षेप विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे, आणि तो मला सगळ्यांत अधिक बोचतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे आहे काय? सलग ड्यूट्या, भरलेल्या ओपीड्या, गाइडने सुचवलेला विषय, प्रवेशानंतर थोड्याच महिन्यांत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला पाठवायचा सिनॉप्सिस, आणि थिसिस मान्य झाल्याखेरीज परीक्षा नाही. ज्याला झोप मिळत नाही त्याच्या डोक्यावर ऋषिऋण आणि मनुष्यऋण कुठे लादता? हे म्हणणं बरोबर आहे, आणि म्हणूनच ऋण सामर्थ्याच्या प्रमाणात वाटलं गेलं पाहिजे. ज्याच्या हाती विषय ठरवणं आहे त्याचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे गाइडचा, विभागप्रमुखाचा, महाविद्यालयाचा आणि थिसिसला केवळ अट म्हणून पाहणाऱ्या व्यवस्थेचा. आयरन्सप्रमाणे आजही पेशी पाहणारा एक आणि निबंधावर आधी नाव दुसऱ्याचं, असं घडत असेल, तर विद्यार्थी स्वतःही धनको आहे. पण तो काहीच देणं लागत नाही असं मात्र नाही. रात्री तीन वाजता कळा आलेल्या मुलाच्या आईला, तिच्या मुलाच्या अभ्यासातून काय निघालं हे दोन वाक्यांत सांगणं त्याच्या हातात असतं. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं. गाइड, विभागप्रमुख, आई-वडील, मित्र आणि बहुतेकदा शेवटच्या ओळीत रुग्ण. ती शेवटची ओळ इंग्रजीत, ज्यांचे आभार मानले ते कधीच न वाचणार अशा ग्रंथात राहते. तीच ओळ झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत किंवा इथल्या हिंदीत त्या माणसासमोर म्हणण्याला पैसा लागत नाही.

पाचवा आक्षेप असा, की ऋणाची ही कल्पनाच मुळी वेदांतली, जन्माशी आणि वर्णाशी जोडलेली. ज्या समाजांत सिकलसेल आहे त्यांतल्या मोठ्या भागाने १९५६ च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर ती चौकट सोडली आहे, आणि गोंडांची श्रद्धा कचारगडच्या गुहांशी, कोया पुनेम या त्यांच्या धर्माशी बांधलेली आहे. त्यांच्या ऋणाची गोष्ट त्यांनी नाकारलेल्या ग्रंथांच्या भाषेत का करायची? हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझं उत्तर असं, की ऋण जन्माने येतं या दाव्याची इथे गरजच नाही. मी ज्या ऋणाबद्दल बोलतो ते घेण्याच्या कृतीने येतं. घेतलं नाही तर ते नाही. आणि ही जाणीव वेदांच्या मालकीची नाही. बौद्ध परंपरेत आपल्यासाठी केलेलं जाणणारा आणि ते जाणल्याचं कृतीने दाखवणारा माणूस दुर्मीळ मानला आहे. जाणणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या पायऱ्या मानल्या गेल्या, यातच सारं आलं. विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्षूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, कारण तो इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नव्हता. बुद्धाने आणि आनंदाने त्याला स्वतःच्या हाताने धुतलं, खाटेवर निजवलं, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी असं बुद्धाने संघाला सांगितलं. आजच्या संशोधनात हे उलट्या बाजूने लागू पडतं. अभ्यासाच्या उपयोगी असेपर्यंत रुग्णाची चौकशी होते, नमुन्यांची संख्या पूर्ण झाली की पाठपुरावा थांबतो. उपयोगावर सेवा अवलंबून ठेवायची नाही, हाच त्या कथेचा आदेश होता.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याचं सोपं उत्तर नाही. निष्कर्ष परत नेले तर ते जखम करू शकतात. ‘एएस पॅटर्न’ असलेली मुलगी पूर्ण निरोगी असते. तिला फक्त दुसऱ्या वाहकाशी लग्न करताना विचार करावा लागतो, कारण अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. पण गावात तपासणीनंतर मिळालेल्या कार्डाचा रंग कळला की सोयरीक मोडते, आणि मोडते ती बहुधा मुलीची. दोष आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय मूल आजारी होत नाही, हे शाळेतलं जीवशास्त्र. तरी बोल आईलाच लागतो. मग न सांगणंच बरं नाही का? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आणि सात कोटी लोकांची तपासणी असा त्याचा पसारा. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कार्डं वाटली जात असताना हा प्रश्न घरोघरी जाणार आहे. माझ्या मते, सांगणं धोक्याचं आहे यातून सांगायचं नाही असा निष्कर्ष निघत नाही. सांगण्याची जबाबदारी अधिक जड आहे, एवढाच निघतो. लपवलेली माहिती पुढच्या पिढीत आजारी मूल होऊन प्रकट होते. कार्ड हातात देऊन निघून जाणं म्हणजे फेड नाही. मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी, वाहक म्हणजे आजारी नव्हे हे पुन्हा पुन्हा सांगणं, आधीच लग्न झालेल्या वाहक जोडप्याला गर्भजल तपासणीची सोय कुठे आहे हे समजावणं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे आणि त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं हे कळवणं, या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळतात की नाही हे पाहणं. हे सगळं मिळून परत देणं होतं. याला वर्षं लागतात, आणि थिसिसची मुदत तीन वर्षांत संपते. म्हणून हे काम विद्यार्थ्याकडून विभागाकडे, एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे सोपवलं गेलं पाहिजे.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांसाठी शेजारचाच जिल्हा पुरावा देतो. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीत आल्यावर आधी सिकलसेलचाच अभ्यास केला होता, आणि लोकांना तो आपला प्रश्न वाटला नव्हता, हे अभय बंग यांनी स्वतः मांडलं आहे. पुढे त्यांनी प्रश्नच लोकांकडून घेतले. राणी बंग यांचा दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांवरचा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आला, आणि ती काळजी होती त्याच गावांतल्या बायांच्या हाती. बालमृत्यू कमी झाले ते त्याच ३९ गावांत, निबंध जगाने वाचण्याच्या आधी. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर गेली. ऋण फेडल्याने विज्ञान उणं होत नाही, याहून मोठा दाखला कुठला हवा? सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम सक्तीचा केला आहे, म्हणजे गोंदियाच्या विद्यार्थ्याला गावातल्या घरांत वारंवार जाण्याची वाट आधीच मोकळी झाली आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक जबाबदारी आणि जास्तीत जास्त लाभ ही तत्त्वं लिहिलेली आहेत. वाट आहे, नियम आहेत. मंजुरीच्या वेळी त्यांविषयी विचारणारं कुणीतरी हवं.

म्हणून गाइड, विभागप्रमुख आणि एथिक्स कमिटीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. मुर्रीतून किंवा कुठल्याही गावातून नमुने घेणारा सिनॉप्सिस समोर आला की संमतीपत्राचा नमुना पाहून थांबू नका. निष्कर्ष कुणाला सांगणार, कुठल्या बोलीत सांगणार, कधी सांगणार, आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांचा पाठपुरावा विद्यार्थी गेल्यावर कोण करणार, हे त्याच्याकडून लिहून घ्या. हे लिहिता येत नसेल, तर तो नमुना घेऊ नये.